भाता आणि स्वर : बेस गिटारच्या ध्वनिवर्धनाची कथा

मराठीत ‘आवाज’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘तिचा आवाज गोड आहे’ असे म्हणताना नादाची जात आपल्या मनात असते. ‘रेडिओचा आवाज वाढव’ असे सांगताना त्याच शब्दाने आपण नादाचा जोर सुचवीत असतो. बोलण्यात या दोन अर्थांची सरमिसळ झाली तरी काही बिघडत नाही. विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या बाबतीत मात्र ही सरमिसळ महागात पडते. लाउडस्पीकर फाटतात, कान बधिर होतात, आणि क्वचित एखाद्या वादकाचा प्राणही जातो. बेस गिटार या वाद्याचा इतिहास म्हणजे एका अर्थी या दोन ‘आवाजां’मधला भेद माणसाला हळूहळू उमगत गेल्याचा इतिहास होय.

बेस गिटार हे अलीकडच्या वाद्यवृंदातील सर्वांत खालच्या सुरांचे वाद्य. त्याच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. ऑर्गनमधील सोळा फुटी नळी ज्या प्रदेशात बोलते त्याच प्रदेशातला हा स्वर आहे. समूहगानातील बेस आवाजांप्रमाणे तो श्रोत्यांच्या ध्यानात फारसा राहत नाही. थांबला म्हणजे मात्र सारे गाणे पोकळ वाटू लागते. या वाद्याची तार विजेवाचून छेडली, तर शेजारी बसलेल्यालाही ती धड ऐकू येत नाही. तिला सभागृहभर पोहोचविण्याचे काम दोन यंत्रे करतात. पहिले प्रीअँप्लिफायर, म्हणजे स्वराला घडविणारे. दुसरे पॉवर अँप्लिफायर, म्हणजे घडलेल्या स्वराला बळ देणारे. ही दोन यंत्रे कधी एका पेटीत नांदतात, कधी वेगवेगळ्या. ती वेगळी का झाली हे समजले, म्हणजे ती जोडावी कशी हेही आपोआप समजते.

भात्याचे तत्त्व

बाजाची पेटी वाजविणाऱ्याचा एक हात भात्यावर असतो आणि दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर. बळ भात्याचे असते. बोट फक्त हवेची वाट उघडते आणि बंद करते. ध्वनिवर्धनाचे सारे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. दुबळा विद्युत्संकेत स्वतः फुगून मोठा होत नाही. भिंतीतल्या विजेचा जो मोठा प्रवाह असतो, त्याची वाट तो संकेत उघडझाप करतो, आणि त्या मोठ्या प्रवाहात लहान संकेताचे रूप उमटते.

हे काम करणारा पहिला उपयुक्त घटक अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तयार केला. काचेच्या निर्वात नळीत त्यांनी तारेची एक जाळी बसविली. ती जाळी म्हणजे पेटीची पट्टीच म्हणावयाची. याच घटकाची सुधारलेली रूपे पुढे ‘व्हॉल्व्ह’ म्हणून घरोघरच्या रेडिओत दिसू लागली. त्यांचा पहिला मोठा उपयोग झाला तो टेलिफोनसाठी. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही टेलिफोनसेवा सुरू झाली, ती वाटेत बसविलेल्या व्हॉल्व्हच्या वर्धकांमुळेच. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या लाउडस्पीकरचे संशोधन प्रसिद्ध केले. आजचा बहुतेक प्रत्येक लाउडस्पीकर त्याच घराण्यातला आहे. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेचे हॅरल्ड ब्लॅक होडीने कामावर जात असताना त्यांना एक कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ती टिपून ठेवली. वर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडावयाचा आणि विकृती कमी करावयाची, ही ती कल्पना. पॉवर अँप्लिफायरला स्वच्छ आणि विश्वासू बनविण्यात तिचा वाटा मोठा आहे.

टेलिफोनने संगीताला आणखीही देणग्या दिल्या. गिटारच्या केबलला असणारा पाव इंची प्लग मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधला. यंत्रे एकावर एक बसविण्याची १९ इंच रुंदीची चौकटही तिथलीच. संकेताची उंची मोजण्यासाठी आजही जो ०.७७५ व्होल्टचा पाया धरतात, तो टेलिफोनच्या तारांवरील ६०० ओहम अवरोधात एक मिलिवॅट शक्ती देणारा दाब आहे.

मंद्र स्वराची अडचण

खालचा स्वर मोठा करणे हे वरचा स्वर मोठा करण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. त्याचे एक कारण आपल्या कानात आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की कान सर्व उंचीचे स्वर सारख्याच तत्परतेने ऐकत नाही. मंद्र स्वर तितकाच मोठा भासावयाचा तर त्याला बरीच अधिक शक्ती द्यावी लागते. दुसरे कारण हवेत आहे. खालच्या स्वरासाठी लाउडस्पीकरला पुष्कळ हवा हलवावी लागते. त्याचा पडदा मोठा हवा आणि तो दूरवर मागेपुढे सरकावयास हवा.

म्हणूनच डबल बेस वाजविणारे वादक मोठ्या बँडमध्ये बोटे सोलवटेपर्यंत वाजवीत, आणि तरीही ऐकू येत नसत. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात गिटारसारखा आडवा धरता येईल असा विजेचा बेस बनविला होता. पण त्याचा प्रसार झाला नाही. १९४६ मध्ये एव्हरेट हल यांनी डबल बेस ज्या टोकदार खुंटीवर उभा राहतो त्या खुंटीत पिकअप बसविला. वर्धित खुंटी या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्या उद्योगाचे ‘अँपेग’ हे नाव पडले.

खरे वळण आले ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी. लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. १९५१ मध्ये त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. भरीव लाकडाच्या या वाद्याला गिटारप्रमाणे पट्ट्या होत्या, त्यामुळे स्वर नेमका लागे. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्याच्या जोडीला ‘बेसमन’ हा वर्धक आला: सुमारे २६ वॅट शक्ती आणि १५ इंची एक लाउडस्पीकर. लायोनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ बँडमध्ये मंक माँटगोमेरी यांनी हे नवे वाद्य हाती घेतले आणि ते देशोदेशी ऐकविले.

एका पेटीतला संसार

बेसमनच्या पेटीत प्रीअँप, पॉवर अँप आणि लाउडस्पीकर असे सारे एकत्र नांदत होते. १९६० मध्ये अँपेगने ‘बी-१५’ हा वर्धक आणला. जेस ऑलिव्हर यांच्या कल्पनेनुसार त्याचे यंत्र झाकणाला उलटे टांगलेले असे. वाजविताना झाकण पलटावयाचे, काम झाले की यंत्र पुन्हा पेटीच्या आत. लहान सभागृहासाठी अशी जोडणी पुरेशी होती. मोटाउन कंपनीच्या असंख्य गीतांचा पाया ज्यांनी रचला ते जेम्स जेमरसन कार्यक्रमांत हाच वर्धक वापरीत. स्टुडिओत मात्र त्यांचा बेस बहुधा थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेत जाई. म्हणजे तेथे स्वर घडविणारा टप्पा होता, बळ देणाऱ्या टप्प्याची गरजच नव्हती. ही दोन कामे मुळात वेगळी आहेत, हे तेथे न बोलता सिद्ध होत होते. जेमरसन यांचे नाव मात्र मोटाउनच्या वेष्टनावर छापले गेले ते १९७१ मध्ये. तोवर त्यांचा बेस जगाने ऐकला होता आणि वादक कोण हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. मंद्र स्वराच्या नशिबी हे नेहमीचेच.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजवावयास उभे राहिले, तेव्हा समोर सुमारे ५५ हजार श्रोते होते. श्रोत्यांच्या आरोळ्यांत वाद्यांचे स्वर बुडून गेले. वर्धकांची शक्ती वाढविणे आता भाग होते. १९६९ मध्ये अँपेगने ३०० वॅटचा ‘एसव्हीटी’ काढला. त्यात चौदा व्हॉल्व्ह होते, वजन चाळीस किलोच्या घरात होते, आणि त्याला दहा इंची आठ-आठ लाउडस्पीकरांच्या दोन पेट्या लागत. एका यंत्रात सगळे कोंबण्याची ही जवळजवळ परिसीमाच म्हणावी लागेल.

दोघांची फारकत

याच सुमारास दुसरा विचारही मूळ धरीत होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अकूस्टिक कंपनीने ‘३६०’ हा संच काढला. त्यात वादकाच्या हाताशी फक्त प्रीअँप असे. २०० वॅटचा पॉवर अँप १८ इंची लाउडस्पीकरच्या पेटीतच बसविलेला असे, आणि दोघांना एक केबल जोडी. घडविण्याचे काम वादकाजवळ आणि बळाचे काम लाउडस्पीकरजवळ, अशी ही वाटणी होती.

ट्रान्झिस्टरचा शोध बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागला. त्यातून जे जबरदस्त पॉवर अँप घडले, त्यांतील एकाची कथा आपल्या वाचकांना विशेष भावेल. क्लॅरेन्स मूर हे प्रोटेस्टंट मिशनरी आणि रेडिओ अभियंता. इक्वेडोरच्या क्विटो शहरातून, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवरून, ‘एचसीजेबी’ हे ख्रिस्ती रेडिओ केंद्र १९३१ च्या नाताळपासून प्रक्षेपण करीत होते. तेथल्या विरळ हवेत एरियलच्या टोकांवर विजेच्या ठिणग्या उडत आणि टोके वितळून जात. मूर यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी टोकेच नसलेली, बंद चौकोनी कड्यांची एरियल तयार करून हा प्रश्न सोडविला. मायदेशी परतल्यावर १९४७ मध्ये इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथे, कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात, त्यांनी उद्योग सुरू केला. मिशनऱ्यांना दूरच्या प्रदेशांत वापरता येतील असे दणकट टेपरेकॉर्डर तेथे बनत. तोच उद्योग पुढे ‘क्राउन’ झाला. १९६७ मध्ये त्यांनी ‘डीसी-३००’ हा पॉवर अँप काढला. त्याच्या दोन्ही बाजू प्रत्येकी १५० वॅट शक्ती देत. स्वतःचा रंग न मिसळता, दिलेला संकेत जसाच्या तसा मोठा करणे एवढेच त्याचे व्रत. शुभवार्तेच्या प्रसारासाठी सुरू झालेल्या कारखान्यातले हे यंत्र थोड्याच काळात रॉक संगीताच्या मंचांवर दिसू लागले.

असा निःपक्षपाती पॉवर अँप मिळाल्यावर स्वराचा रंग ठरविण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रीअँपवर आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अलेंबिक’ या संस्थेने १९७० च्या दशकात ‘एफ-२बी’ हा प्रीअँप तयार केला. त्याचा गाभा फेंडरच्या जुन्या व्हॉल्व्ह वर्धकावरून घेतलेला होता. फक्त बळाचा टप्पा गाळून टाकला होता. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने १९७४ मध्ये या विचाराचे टोक गाठले. त्यांच्या ध्वनियंत्रणेची एकूण शक्ती २६ हजार वॅटच्या वर होती, आणि बेस वादक फिल लेश यांच्या बेसच्या चारही तारांचा स्वर स्वतंत्र लाउडस्पीकरांतून ऐकविण्याची सोय होती. ७५ टनांच्या आसपास वजनाचा हा पसारा गावोगाव हलविणे इतके जड गेले, की त्याच वर्षाच्या अखेरीस तो मोडीत काढावा लागला. विभागणीचा विचार मात्र टिकला.

तीन सांधे

या इतिहासातून जोडणीचे नियम सहज उलगडतात. वाद्यापासून लाउडस्पीकरपर्यंत तीन सांधे आहेत, आणि प्रत्येक सांध्यावरचा संकेत वेगळ्या जातीचा आहे.

पहिला सांधा वाद्य आणि प्रीअँप यांचा. येथला संकेत एखाद्या दशांश व्होल्टचा, अतिशय दुबळा. प्रीअँपच्या प्रवेशाचा अवरोध दहा लाख ओहमच्या आसपास असतो, म्हणजे वाद्यावर त्याचा भार जवळजवळ पडतच नाही. अशा ठिकाणी संकेताची शक्ती एका वॅटच्या दहा कोटीव्या भागाइतकी असते. लाउडस्पीकरजवळ ३०० वॅट हवे असतील, तर ही वाढ तीन हजार कोटी पट झाली! एवढ्या वाढीत बाहेरची गुणगुणही तितकीच वाढणार. म्हणून येथे जाळीचे आवरण असलेली आणि शक्यतो आखूड केबल लागते.

दुसरा सांधा प्रीअँप आणि पॉवर अँप यांचा. येथे संकेत साधारण एका व्होल्टचा झालेला असतो. व्यावसायिक यंत्रांचे प्रमाण १.२३ व्होल्ट आणि घरगुती यंत्रांचे सुमारे ०.३२ व्होल्ट आहे. टेलिफोनच्या काळी दोन्ही बाजूंचे अवरोध सारखे ठेवीत. आता देणाऱ्याचा अवरोध कमी आणि घेणाऱ्याचा त्याच्या दहापट किंवा अधिक ठेवतात. प्रीअँपवर ‘लाइन’ असे लिहिलेल्या जागेतून संकेत घ्यावा आणि पॉवर अँपच्या ‘इनपुट’मध्ये द्यावा. अंतर मोठे असेल तर तीन तारांची समतोल केबल वापरावी. तिच्यात वाटेतली गुणगुण आपोआप रद्द होते. ज्या वर्धकात दोन्ही टप्पे एकत्र आहेत त्याचे लाउडस्पीकरसाठीचे टोक दुसऱ्या पॉवर अँपमध्ये कधीही घालू नये. भात्याने पट्टी दाबण्याचा तो प्रकार होईल, आणि यंत्र जळेल.

तिसरा सांधा पॉवर अँप आणि लाउडस्पीकर यांचा. ४ ओहमच्या लाउडस्पीकरला ३०० वॅट देताना तारेत सुमारे ३५ व्होल्टचा दाब आणि जवळपास ९ अँपिअरचा प्रवाह असतो. वाद्याची बारीक केबल येथे तापते. जाड दुहेरी तारच हवी. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात. आपल्या यंत्राला किमान किती ओहम चालतात हे त्याच्या पाठीवर वाचूनच पेट्यांची संख्या ठरवावी. व्हॉल्व्हचा पॉवर अँप लाउडस्पीकर न जोडता कधीच चालवू नये; त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सभांसाठी वापरतात त्या १०० व्होल्टच्या लाइनवर बेसच्या साध्या पेट्या जोडू नयेत.

आता मात्रा जुळविण्याचा क्रम. पॉवर अँपचे बटण शून्यावर ठेवावे. वादकाने नेहमीपेक्षा जोराने तार छेडावी आणि प्रीअँपचा ‘गेन’ हळूहळू वाढवावा. मर्यादा दाखविणारा दिवा लुकलुकला की किंचित मागे यावे. मग स्वराचे रंग ठरवावेत. खालच्या सुरांची भर मोजकीच असावी, कारण ती थेट लाउडस्पीकरच्या पडद्यावर ओझे टाकते. सर्वांत शेवटी पॉवर अँप सभागृहाच्या गरजेइतका उघडावा. सुरू करताना आधी प्रीअँप, मग पॉवर अँप. बंद करताना उलट. हा क्रम चुकला की प्रीअँपचा धक्का पूर्ण बळाने लाउडस्पीकरवर आदळतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कमी वॅटचे यंत्र लाउडस्पीकरला नेहमी सुरक्षित असते असे नाही. त्याच्या कुवतीबाहेर ताणले, की स्वराच्या लाटांची शिखरे कापली जातात, आणि पूर्ण कापलेली लाट मूळ लाटेच्या दुपटीपर्यंत शक्ती लाउडस्पीकरमध्ये ओतते. उलट, वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावयाचा तर वॅट सुमारे दहापट लागतात. तेव्हा स्वर ऐकू येत नसेल, तर बळ वाढविण्याआधी पेटीची जागा, इतर वाद्यांचा गलका आणि प्रीअँपवरील रंग तपासून पाहावा.

अर्थिंगचा प्रश्न

दोन यंत्रे वेगवेगळ्या सॉकेटांवर जोडली की पुष्कळदा एक अखंड घुमणारा आवाज येऊ लागतो. दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमधून प्रवाहाचे एक कडे तयार होते, त्याचा हा परिणाम. ही गुणगुण घालविण्यासाठी तिसरी पिन काढून टाकण्याची वाईट सवय जगभर आहे. गुणगुण जाते खरी, पण तिच्याबरोबर वादकाचे संरक्षणही जाते. वादकाचे हात धातूच्या तारांवर असतात. त्या तारा केबलच्या आवरणातून यंत्राच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आणि ओठ मायक्रोफोनजवळ असतात. दोन यंत्रांपैकी एकाच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिची वाट वादकाच्या देहातून जाते.

३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे तरुण गिटारवादक लेस्ली हार्वे यांनी मंचावर अर्थिंग नसलेला मायक्रोफोन हाताळला आणि विजेच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. चार वर्षांनी, मे १९७६ मध्ये, ‘यार्डबर्ड्स’चे गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवीत असताना असेच गेले.

गुणगुणीवर खरे उपाय सोपे आहेत. प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच बोर्डावरून चालवावेत, मधली केबल समतोल असावी, आणि तरीही गुणगुण राहिली तर संकेताच्या मार्गात विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर बसवावा. उघड्यावरच्या कार्यक्रमात, जनरेटरवर किंवा भाड्याच्या बोर्डावर, अर्थिंगचे भोक केवळ शोभेचे नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी पाहून घ्यावे. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसविण्याचा खर्च एका लाउडस्पीकरच्या मानाने किरकोळ आहे.

पुन्हा एकत्र

आता चक्र जवळजवळ पूर्ण फिरले आहे. सेकंदाला लक्षावधी वेळा उघडझाप करणाऱ्या ‘क्लास डी’ पद्धतीमुळे उष्णतेत वाया जाणारी शक्ती फारच घटली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही तयार यंत्रे मिळू लागली, आणि एसव्हीटीइतके किंवा त्याहून अधिक वॅट आज दोन-तीन किलोंच्या पेटीत मावतात. दुसरीकडे, पायाखाली मावणारे प्रीअँप वादक आपल्या पिशवीतून नेतो. पॉवर अँप आणि लाउडस्पीकर त्या त्या सभागृहाचे असतात. स्वर वादकाचा, बळ घराचे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी जो वाटा उचलला तो सर्वश्रुत आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्या बेस गिटारने कित्येक गाण्यांना आधार दिला. आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांतही आता हे वाद्य रुळले आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते वाजविणारा मुलगा सर्वांत मागे, भिंतीला टेकून उभा असतो. केबल त्याची, जोडणी त्याची, आणि विजेच्या तारेला हात लागतो तोही त्याचाच. सणाच्या गडबडीत ‘आवाज वाढव’ अशी खूण करण्याआधी, त्याच्या पेटीला तिसरी पिन आहे की नाही, हे वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी वाकून पाहावे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई केली आहे, तीही शेजाऱ्याच्या झोपेचा मान राखण्यासाठीच. बळ किती द्यावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्यानेच स्वराची, वादकाची आणि ऐकणाऱ्याचीही काळजी वाहावयाची असते.